जनरेटरच्या फिल्टरची आंघोळ

माझ्या थोरल्या भावाने निवृत्तीनंतर धायरीत फ्लॅट घेतला तेव्हा इमारतीच्या मागे ज्वारी उभी होती. तीन-चार वर्षांत ती गेली. तिच्या जागी पायाचे खड्डे, खडीचे ढीग आणि दिवसभर ये-जा करणारे डंपर आले. आयटीतल्या पगारांवर शहराच्या प्रत्येक टोकाला इमारती चढत होत्या. वीज मात्र जुन्या गावाला पुरेल एवढीच होती. भारनियमनाचं वेळापत्रक आमच्या वृत्तपत्रात आतल्या पानावर लागायचं आणि ते लावण्याचं काम बराच काळ माझ्याकडे होतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद, हे पुण्यात कोणाला छापून सांगण्याची गरज नव्हती.

दादाची मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्याला सोमवारी व गुरुवारी डायलिसिस सुरू झालं. वार रुग्णालयाने दिलेले होते. बदलून मागितले, तर मागे थांबलेल्यांची यादी दाखवण्यात आली. घर पाचव्या मजल्यावर. सोमवारचं ठीक होतं. गुरुवारी वीज नसायची, आणि चार तास यंत्राला जोडून परतलेल्या माणसात जिना चढण्याइतकं त्राण नसतं. त्यामुळे दादाचा गुरुवार एकाच गोष्टीवर टिकून होता: सोसायटीचा जनरेटर लिफ्ट ओढतो की नाही. माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी होती. त्याला नेण्या-आणण्याचं काम मी करत असे.

दादा वीज खात्यात कारकून होता. लिफ्टमध्ये कोणी ना कोणी त्याला ऐकवायचंच, की ही तुमच्याच खात्याची कृपा. त्याचं उत्तर ठरलेलं होतं: खातं माझं असतं तर सगळ्यात आधी तुमचं कनेक्शन तोडलं असतं.

जनरेटर म्हणजे मागच्या बाजूला पत्र्याच्या खोक्यात बसवलेलं, एखाद्या ट्रकला पुरेल असं डिझेल इंजिन. अशा इंजिनाला डिझेलइतकीच हवाही लागते, आणि ती स्वच्छ लागते. ती ज्या डब्यातून आत जाते त्यात घड्या घातलेल्या जाड कागदाचं नळकांडं असतं. त्याच्या आत दुसरं, लहान नळकांडं असतं. बाहेरचं फाटलंच तर निदान हे मधे असावं म्हणून. डब्याच्या बाजूला बोटभर लांबीचा पारदर्शक इंडिकेटर असतो. फिल्टर तुंबला की त्यात लाल पट्टी दिसते. लाल दिसली की बाहेरचं नळकांडं बदलायचं. तोवर डबा उघडायचा नाही, आणि कागद पाण्याने धुवायचा तर कधीच नाही. हे सगळं झाकणावर चित्रांसकट छापलेलं होतं. ती चित्रं समजायला अक्षरओळखही लागत नव्हती. सोसायटीत मात्र बहुतेक सगळे पदवीधर होते.

सोसायटीचे अध्यक्ष बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. शनिवार पेठेतली जागा सोडून ते धायरीला आले होते आणि धायरी अस्वच्छ आहे हे त्यांनी पहिल्याच सभेत सांगितलं होतं. स्वच्छतेबद्दलची त्यांची मतं इतकी पक्की होती की वस्तू चालते की नाही, हा प्रश्न त्यांना दुय्यम वाटे. जनरेटरच्या खोक्यावर त्यांनी पाटी लावून घेतली होती: ‘हे यंत्र दर रविवारी स्वच्छ केले जाते. आपणही हात स्वच्छ करूनच जवळ यावे.’ जवळ जाण्याचं कोणाला काही कारण नव्हतं.

रविवारी पोहे झाले की अध्यक्ष अर्ध्या चड्डीत खाली उतरत. मागोमाग सचिव. हे हडपसरच्या एका आयटी पार्कमध्ये मॅनेजर होते आणि कोणत्याही कामाला ‘प्रोसेस’ म्हटल्याशिवाय हात लावत नसत. डब्याच्या कड्या उघडल्या जात. नळकांडं बाहेर काढून कंपाउंडच्या भिंतीवर आपटलं जाई. मग सचिव घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणून, त्याची नळी उलटी लावून त्यात हवा मारत. धूळ उडून शेजारच्या गाड्यांवर बसे. मग गाड्या धुतल्या जात. या सगळ्याला श्रमदान असं नाव होतं. सचिवांनी संगणकावर त्याचा तक्ता केला होता. साफसफाई झाली की त्या रविवारचा चौकोन हिरवा होई. पूर्ण हिरवा झालेला तक्ता वर्षअखेरच्या सभेत दाखवण्यात आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्यातून काही तास चालणाऱ्या त्या इंजिनाचा फिल्टर एकदाही तुंबलेला नव्हता. इंडिकेटर लाल झाल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं. तो कशासाठी आहे, हेही कोणी विचारलेलं नव्हतं.

विचारलं ते वहिनीने. ती शाळेत शिक्षिका होती. छापलेल्या सूचना शेवटपर्यंत वाचायची सवय तिला निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. एका रविवारी तिने खाली जाऊन झाकण वाचलं आणि अध्यक्षांना सांगितलं, की इथे उलट लिहिलंय.

“अहो वहिनी, ते कंपनीवाले लिहिणारच,” अध्यक्ष म्हणाले. “आपण साफ करून वापरला, तर त्यांचे नवे फिल्टर खपणार कसे? बँकेत असताना असले छत्तीस कारखानदार पाहिलेत मी.”

सचिवांनी मान डोलावली. वर आल्यावर वहिनी म्हणाली, की गृहस्थांना कर्जाचा कागद आणि फिल्टरचा कागद यांच्यातला फरक कळत नाही.

मग दसरा आला. खंडेनवमीला यंत्रं पुसून त्यांची पूजा करायची हे पुण्यात कारखान्यांपासून रिक्षा स्टँडपर्यंत सगळीकडे चालतं, आणि त्यात गैर काही नाही. अध्यक्षांना मात्र पुसण्यावर समाधान नव्हतं. देवापुढे ठेवायचं ते न्हाऊन-माखूनच, असं त्यांनी जाहीर केलं. दोन्ही नळकांडी काढण्यात आली. आतल्याला हात लावू नये असं झाकणावर वेगळ्या चौकटीत छापलेलं होतं. “मग आतलं पारोसं ठेवायचं की काय?” असं अध्यक्षांनी विचारलं, आणि तो प्रश्न तिथेच मिटला. बादलीत कपड्यांची पावडर कालवून दोन्ही बुचकळून काढली. पाणी काळं झालं. ती बादली अध्यक्षांनी पुरावा म्हणून दुपारपर्यंत प्रवेशद्वाराशी ठेवली. येणारे-जाणारे डोकावून पाहत आणि एवढा मळ होता का, म्हणत. धुतलेला माल गच्चीवर चादरींशेजारी वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेनंतर यंत्र सुरू करून दाखवायचं ठरलं होतं, म्हणून फिल्टर दमट असतानाच डब्यात बसवला. कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, कडेचा डिंक सुटला होता. इंजिनाला हळदी-कुंकू लागलं, झेंडूचं तोरण चढलं, पेढे वाटले. जनरेटर लगेच सुरू झाला. फिल्टर नसता तरीही तो सुरू झाला असता.

त्यानंतर डंपरांनी उडवलेली माती त्या सुटलेल्या कडांमधून इंजिनात थेट जाऊ लागली. हे अर्थात कोणाला माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की दिवाळीनंतर यंत्र सुरू व्हायला वेळ लागतो, धुराड्यातून निळसर धूर येतो आणि ऑइल वरचेवर घालावं लागतं. धूर म्हणजे घाण, असा अध्यक्षांचा निष्कर्ष. समितीने ठराव करून साफसफाई बुधवारीही ठेवली, म्हणजे गुरुवारी तक्रार नको. दादाला हे मुद्दाम येऊन सांगण्यात आलं. “खास तुमच्यासाठी बरं का,” अध्यक्ष म्हणाले. दादाने आभार मानले. एरवी तो कोणाचेही आभार मानत नसे. वहिनी आतून बाहेर आली ती अध्यक्ष गेल्यावर.

त्या हिवाळ्यातल्या एका गुरुवारी आम्ही दुपारी परतलो. दादाचं रक्तदाब मोजण्याचं यंत्र घरी होतं, पण ते न बघताही रक्तदाब उतरलाय हे दिसत होतं. वॉचमनने जनरेटर चालू केला. प्रवेशद्वारातले दिवे लागले. दादाला मी लिफ्टमध्ये घेतलं आणि बटण दाबलं. लिफ्ट हातभर उचलली गेली, दिवे पिवळे पडले, मागच्या बाजूला इंजिनाने एक जड आचका दिला आणि सगळं थांबलं. दार ओढून उघडता आलं, हे नशीब. वॉचमनने आणखी तीनदा प्रयत्न केला. लिफ्टचा भार आला की इंजिन बसत होतं.

अध्यक्ष आले. त्यांनी प्रथम फिल्टर उघडून पाहिला. तो कालच साफ केलेला होता, आणि तसं त्यांनी जमलेल्यांना दाखवलं.

प्लास्टिकची खुर्ची आणली. दादाला तिच्यात बसवून आम्ही चौघांनी उचललं: मी, वॉचमन, इस्त्रीवाला आणि घरून काम करत असलेले सचिव. अध्यक्ष पुढे चालत ‘सावकाश, सावकाश’ म्हणत होते. दुसऱ्या मजल्यावर दादाने मान टाकली. तिसऱ्यावर त्याला उलटी झाली. खुर्ची खाली ठेवली. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन वरून धावत आली आणि त्याचं डोकं धरून जिन्यातच बसली. अध्यक्ष म्हणाले, की फिल्टर तर इतका स्वच्छ आहे, यंत्राला झालं तरी काय.

दादाने डोळे मिटलेलेच ठेवले. “अहो, मीही आठवड्यातून दोनदा फिल्टरसाठीच जातो,” तो म्हणाला. “आता घरीच बादलीत बसतो. पावडर तेवढी तुमची द्या.”

इस्त्रीवाला हसला. सचिवांनी हसू आवरलं. अध्यक्षांनी मात्र हे आजारपणातलं बोलणं म्हणून सोडून दिलं.

शनिवारी मेकॅनिक आला. हा जनरेटर विकणाऱ्या एजन्सीचा माणूस. तो सर्व्हिसिंगला यायचा, ऑइल बदलायचा, चहा प्यायचा आणि जायचा. खोक्यावरची पाटी त्याने वर्षभर पाहिलेली होती. आता त्याने फिल्टर आणि इंजिन यांच्यामधला रबरी पाइप सोडवला, आत बोट फिरवलं आणि ते बोट सगळ्यांसमोर धरलं. बोटावर माती होती. ज्या पाइपात काहीच असायला नको, त्यात.

“इंजिनातल्या रिंगा, लायनर, समदं घासलंय,” तो म्हणाला. “कागदाला पाणी लावलंत, आता इंजिन उघडावं लागनार हाय.”

अध्यक्षांनी विचारलं, की मग वर्षभर सांगितलं का नाही.

“तुम्ही मला कवा इचारलं? तुमची तर पाटी हाय.”

रविवारी पार्किंगमध्ये सभा झाली. सचिवांनी मूळ कारण शोधण्यासाठी पडद्यावर आकृती दाखवली. तिच्यात माशाच्या काट्यासारख्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एकेक संशयित: डिझेल, डंपर, वॉचमन, एजन्सी. धुण्याचा उल्लेख नव्हता. धुतलं त्यानंतर यंत्र बरेच दिवस चाललं, तेव्हा तो मुद्दा बाद, असं स्पष्टीकरण मिळालं. बादली पाहून चकित झालेले सगळे सभेला हजर होते. त्यांच्यातल्या एकाने साफसफाई रोज करावी का, असं विचारलं. प्रश्न गंभीरपणे घेण्यात आला. चर्चाही झाली.

वहिनी उभी राहिली. इंजिन दुरुस्त होईल तेव्हा फिल्टरच्या डब्याला पट्टी जोडून कुलूप लावावं आणि किल्ली आपल्याकडे द्यावी, एवढंच ती म्हणाली. इंडिकेटर लाल झाला की मेकॅनिकला बोलवून त्याच्यासमोर ती उघडून देईल. अध्यक्षांनी विचारलं, की किल्ली एका सभासदाकडेच का.

“गुरुवारी ज्याला खुर्चीतून न्यावं लागतं, त्याच्या घरात राहू दे,” वहिनी म्हणाली. “आपल्यापैकी आणखी कोणाला तसं न्यावं लागत असेल, तर त्यांच्याकडे देते.”

कोणी हात वर केला नाही. इतिवृत्तात ‘तात्पुरती व्यवस्था’ असं लिहून घेण्यात आलं.

इंजिन उघडलं, घासलेले भाग बदलले, नवा फिल्टर बसला आणि त्यावर कुलूप. सचिवांच्या तक्त्यातले चौकोन पांढरे राहू लागले, तेव्हा त्यांनी तक्ताच बंद केला. अध्यक्ष रविवारी अर्ध्या चड्डीत खाली उतरत राहिले. ते खोकं बाहेरून पुसत, कुलूप हलवून पाहत आणि मधूनच पाचव्या मजल्यावर येत. वहिनी त्यांना चहा देत असे. एकदा लाल पट्टी खरंच वर आली. मेकॅनिकने बाहेरचं नळकांडं बदललं, आतलं तसंच ठेवलं. अध्यक्ष शेजारी उभे होते. जुन्या नळकांड्याकडे ते असे पाहत होते, की ते धुण्याजोगं आहे हे सांगायची गरज पडू नये.

दादा दोन दिवाळ्या लिफ्टने खाली गेला आणि वर आला. गुरुवारी एकदाही त्याला उचलावं लागलं नाही. तो गेला तो एका सोमवारी, रुग्णालयात.

चौदावा दिवस झाल्यावर अध्यक्ष भेटायला आले. सोफ्याच्या कडेवर बसले. दादाच्या स्वभावाबद्दल, त्याच्या सोशिकपणाबद्दल ते योग्य तेवढं बोलले. पाणी प्यायले. उठता उठता दाराशी थांबून त्यांनी वहिनीला म्हटलं, की आता ती किल्ली परत केली तरी चालेल. यापुढे तशी आवश्यकता नाही.

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं. “इंडिकेटर लाल झालाय का?”

“नाही, तसं काही नाही. पण दसरा जवळ आला.”

“मग किल्ली इथेच राहील,” ती म्हणाली, आणि लिफ्टचं बटण तिने स्वतः दाबून दिलं. गुरुवार होता. लिफ्ट वर आली.