कचेरीच्या छतावरची राख

करडी गावच्या चंद्रभागाबाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली, की ब्रह्मदेव आला तरी त्यांना हलवू शकत नाही. यंदा त्यांनी मालगुजार जमीनदाराच्या काळातली जुनी कचेरी मनावर घेतली. तिथं त्यांची अंगणवाडी भरते. भिंती हातभर जाड, पण कोणा शहाण्यानं मातीचे कवेलू काढून वर पत्र्याच्या टिना ठोकल्या, आणि एप्रिलात दहा वाजताच पोरं उकाड्यानं रडू लागली. मे महिन्यात तालुक्याचे साहेब येऊन पाहणार होते. खोली बसण्याजोगी नसली तर कचेरी पाडायची आणि अंगणवाडी मोठ्या रस्त्यापलीकडं न्यायची. ट्रकांच्या त्या रस्त्यावरून तीन वर्षांची लेकरं कशी येणार, या विचारानं बाईंना घास गोड लागेना.

त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्या गोळा केल्या, त्यांत धानाचा कोंडा भरला आणि टिनांखाली बांबूचे तट्टे बांधून त्यांवर त्या मांडल्या. कोंडा गावच्या धान भरडायच्या हलरवरून फुकट आणला होता, आणि तिथंच चुकलं. हलरच्या कोंड्यात कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, राहते, हे जन्मभर धान पाखडलेल्या बाईला आठवू नये! आठ दिवसांत वर उंदरांचं गाव वसलं. पोरांच्या डोक्यावर कोंडा गळू लागला आणि लोकांना हसायला विषय मिळाला.

नवरा जागेश्वर शिडीवर चढून चुंगड्या उतरवू लागला. "काहून जीव काढून रायली? कचेरी का तुया बापाची हाये?"

"बापाची नाही. पन बाराखडी मी तेथंच शिकली. तुमी चुंगडी द्या खाली."

मोहाडीच्या वाटेवर उसना, म्हणजे उकडा तांदूळ काढणाऱ्या मिलची राख ढिगानं पडून असते. कोंडा जळून उरलेली ती काळी राख उंदीर खात नाही आणि पुन्हा पेटतही नाही. बाईंनी तीच भरली. चाळीस चुंगड्या झाल्या तेव्हा त्यांचं तोंड लेकरांना ओळखू येईना.

साहेब भर दुपारी आले, घामानं निथळत. आत पोरं झोपली होती. ते भिंतीला टेकून बसले, पाणी प्यायले, आणि त्यांचाही डोळा लागला.

तासाभरानं बाईंनी हलकेच हाक मारली. "साहेब, कागद लिवाचा हाये न?"

साहेबांनी पिशवीतून कागद काढला. तो सकाळी ऑफिसातच लिहून झालेला होता: इमारत वापरास अयोग्य. मग त्यांनी तो चार तुकडे करून खिशात घातला आणि बाईंकडं कोरा कागद मागितला.