पाव कमी

भाऊ गेला त्याला आता दीड महिना होईल. सकाळी भाचीचा फोन आला, "आत्या, बाबा गेले…" तेव्हा मी धरमपेठेत भाजी घेत होते. पिशवी तिथंच विसरून निघाले. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, देवमाणूस होता. देवमाणूस कसला! एक नंबरचा हेकट होता. माझा सख्खा मोठा भाऊ. त्याच्या बेकरीतले कारागीरही त्याला भाऊच म्हणायचे.

जेलमधल्या कैद्यांच्या नाश्त्याचा पाव भाऊ पुरवायचा. भाव वर्षभरासाठी बांधलेला, आणि काही वर्षांपूर्वी मधेच मैदा भलताच भडकला. शाळेतून रिटायर झाल्यावर बेकरीचे फोन आणि कागद मीच सांभाळत होते. मी रोज त्याच्या मागे लागायचे, बाकीचे करतात तसं तूही पावाचं थोडं वजन उतरव, नाहीतर बेकरीला कुलूप लागेल. भट्टीवर बारा घरं जगत होती, मला खरंच भीती वाटायची. पण हा ऐकेल तर शपथ!

"शोभे, बाहेरच्या गिऱ्हाइकाले पाव हलका लागला तं तो दुसऱ्या दुकानात जाते," तो म्हणायचा. "आतला माणूस कुठं जाईन वं?"

शेवटी भाऊ मौद्याला लग्नाला गेलेला पाहून मीच शहाणपणा केला. भट्टी सांभाळणाऱ्या आमच्या जुन्या मिस्त्रीला, रामदासला, फोन लावला आणि सांगितलं, "उद्यापासून जेलचा माल पाव कमी." मला म्हणायचं होतं, वजन पाव हिश्श्यानं उतरव. त्याला वाटलं, पावच कमी पाठवायचे, जेलमधले काही कैदी सुटले असतील. त्यानं वजन पूर्ण ठेवलं आणि पावाचे दोन ट्रेच कमी पाठवले. सकाळी एक अख्खी बराक नाश्त्याविना राहिली.

भाऊ मौद्याहून तसाच धावत आला. आमच्या धरमपेठेतल्या दुकानातले होते नव्हते तेवढे पाव ऑटोत भरले, आणि जेलच्या गेटवर साहेबांसमोर हात जोडून उभा राहिला. परतल्यावर सगळ्यांदेखत रामदासवर कडाडला. रामदासनं एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "'पाव कमी' असं ऐकू आलं भाऊ. माझ्याच ऐकण्यात चूक झाली."

मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून कारागीर त्याला 'बहिरा मिस्त्री' म्हणायला लागले, आणि तो हसून ओ द्यायचा. भाऊनं वजन काही उतरवलं नाही. धरमपेठेतलं दुकान विकलं आणि वर्ष निभावलं.

भाऊ अंथरुणाला खिळला तेव्हा मला राहवेना. एका दुपारी त्याला सगळं सांगून टाकलं. तो चक्क हसला!

"मले त्याच दिवशी समजलं होतं. भट्टीवर चौथ्या हिश्श्याले पाव कोण म्हणते? घोळ होते म्हणून आम्ही चौथाई म्हणतो. 'पाव कमी' सांगणारी घरचीच असणार."

"मग बोलला काहून नाही गा?"

"तू बोलशीन म्हणून वाट पाहून राहिलो होतो…" जरा दम खाऊन तो म्हणाला, "पण मले नको सांगू. रामदासले सांग."

हो म्हटलं. उद्या जाते म्हटलं. मग लाज आडवी आली, उद्याचा परवा झाला, आणि नवव्या दिवशी भाऊ गेला.

तेरवी झाल्यावर मी बेकरीत गेले. सगळ्या कारागिरांना जवळ बोलावलं आणि म्हणाले, "रामदास बहिरा नाही. त्यानं बरोबर ऐकलं होतं. चुकीचं मी बोलले, आणि इतकी वर्षं गप्प बसले. रामदास, मले माफ कर."

रामदासनं हाताचं पीठ झाडलं, माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

"माझं काही नाही बाई," तो म्हणाला. "पण भाऊ होते तेव्हाच हे बोलल्या असत्या, तं त्याइले बहुत बरं वाटलं असतं."