अर्धी गोळी

जुमाकादिर आमचा शेजारी. नारिन नदीच्या वरल्या अंगाला घोड्या राखण्यात जन्म गेला. साठी ओलांडल्यावर चढाला छाती आवळायला लागली, तेव्हा बायकोनं धरून बिश्केकला नेला. तिथल्या इस्पितळात एका गोळीची पारख चालली होती. हाताच्या शिरेत औषध सोडून त्याला यंत्रात सरकवला अन् काळजाच्या नळ्यांचं चित्र काढलं. जांगिल नावाच्या डाक्तरणीनं दाखवलं, एका नळीत चरबीचा मऊ थर बसलाय. रोज एक गोळी खा, वर्षानं पुन्हा चित्र काढू, थर हटतो का बघू.

गोळ्या घेऊन गडी घरी आला आणि पहिल्याच सकाळी अडला. समोर मानाच्या जागी थोरला भाऊ असानकुल. सत्तरीचा, तोही चार पावलांत धापतो. मेंढ्याचं डोकं थोरल्यापुढं ठेवल्याशिवाय आमच्यात धाकटा हाडाला हात लावत नाही. मग त्याच्या देखत औषध एकट्यानं गिळायचं कसं? यानं सुरीनं गोळी मोडली, मोठा तुकडा भावाला दिला. म्हणाला, दोघांसाठीच दिल्यात. असं वर्षभर चाललं.

दुसऱ्या चित्रात थर वाढलेला. नेमानं घेता का, डाक्तरणीनं विचारलं. हा व्हय म्हणाला. मग डोस दुप्पट करू, ती म्हणाली. जुमाकादिर मनात मांडे खायला लागला, आता दोघांना अख्खी मिळणार. पण त्याच्या नावापुढं ती 'गोळी लागू पडली नाही' असं लिहायला लागली, तेव्हा त्याला राहवेना.

"बाई, तसं लिहू नका. अर्धी माझा भाऊ खातो."

तिनं पेन खाली ठेवलं. "चित्र तुमचं, आणि औषध त्याला? त्याच्या काळजात काय आहे ते कुणी बघितलंय? घेऊन या त्याला. आणि तुमचा डोस आहे तोच राहू दे."

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं. असानकुल यंत्रात शिरायला काही तयार होईना. जितेपणी कबरीत निजायची हौस नाही, म्हणाला. सकाळी चहाच्या वक्ताला आपला तुकडा त्यानं धाकट्यापुढं सरकवला.

"बाइके," धाकटा थोरल्या भावाला म्हणाला, "असं नका करू."

"थोरल्यानं दिलेला वाटा परतवतोस? खा. वर्षभर तुझ्या तोंडातलं खाल्लं मी, अन् मला ठावं न्हाई."

तो वाटा नाकारायची सोय नव्हती. आता जुमाकादिर अख्खी गोळी गिळतो. छाती आवळणं कमी झालंय म्हणतो. परवा दोघं झऱ्याकडं चढत होते. असानकुल तीनदा बसला. जुमाकादिरचा दम शाबूत होता, तरी थोरल्याला ओलांडून पुढं जायचं नसतं, म्हणून तिन्ही वेळा तो मागं उभा राहिला.