पंप मी बंद केला होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला तर मुळीच नाही, ती अजून मला सरळ माणूस समजते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं. नागपुरात मी इंजिनिअरिंग शिकवत होतो आणि रोज व्यायामशाळेच्या टाक्यावर पोहायला जायचो. टाक्याला उडी मारायची फळी हवी होती. आयती मिळेना. मी कमिटीला म्हणालो, आपण घरीच करू. करू म्हणजे कोण? सुखदेव. फ्रिज दुरुस्त करणारा, सातवी शिकलेला, आणि हात असा की लोखंडानंही ऐकावं. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली धम्म घेतलेला. आमच्या घरी त्याचा कप वेगळा असायचा — आणि मी चारचौघांत समतेवर बोलायचो. असली माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यातलाच मी एक.

सागाच्या पट्ट्या चिकटवून फळी त्यानं केली. तिच्यावर फायबरग्लासचं कापड, ते चिकटवायला हार्डनर घातलेलं इपॉक्सी, मग सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आतली हवा ओढायची, म्हणजे कापड लाकडाला घट्ट बसतं. हवा ओढायला पंप म्हणून त्यानं जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर जोडला, दाब दाखवणारा काटाही बसवला. मी काय केलं? पुस्तकातली आकृती दाखवली. तेवढ्यावर गावभर सांगत सुटलो, की फळी मी बनवतोय.

थंडीचे दिवस होते, इपॉक्सी आळायला संध्याकाळ होणार होती. दुपारी सुखदेवला उमरेडला बहिणीकडे जाणं भाग होतं. "सर, पंप बंद होऊ देऊ नका. काटा पाहत राहा," एवढं सांगून तो एसटीनं गेला.

रेडिओवर क्रिकेटची कॉमेंटरी लागली होती. पंपाच्या घरघरीत ऐकू येईना. मी पंप बंद केला. पिशवीला बारीक गळती आहे हे मला ठाऊक होतं — सकाळी त्यानंच दाखवली होती. तरी बंद केला. क्रिकेटसाठी. इतक्या फालतू गोष्टीसाठी. खेळ संपल्यावर पाहतो तर पिशवी सैल, मधोमध कापडाखाली हवा शिरलेली, इपॉक्सी आळलेलं. मग पंप सुरू केला. काटा जागेवर आला. काट्याचं काय, तो माझ्यासारखाच — वरून ठीक.

दुसऱ्या दिवशी सुखदेवनं पिशवी सोडली आणि रुपयाच्या नाण्यानं फळी ठोकून पाहिली.

"आवाज पोकळ येऊन राहिला, सर. पंप बंद तं नव्हता पडला?"

"नाही."

तो म्हणाला, कापड सोलून पुन्हा करू. मी त्याला लाकडाच्या आवाजावर व्याख्यान दिलं, अर्धं इंग्रजीत. तो गप्प झाला. गप्प करण्याची ही विद्या मला चांगली अवगत होती.

टाक्यावर पहिली उडी सेक्रेटरींची ठरली होती. सुखदेव म्हणाला, "आधी मी." का म्हणाला? तो आवाज त्याच्या मनातून गेला नव्हता, दुसरं काय? आणि मी — मी काठावर टॉवेल घेऊन उभा. दुसऱ्या उसळीला फळी मधून मोडली. तो पाण्यात पडला नाही, टाक्याच्या काठावर पडला. उजवं मनगट गेलं. पुन्हा ते सरळ झालं नाही. फ्रिजच्या नळ्यांना डाग देण्याचं बारीक काम त्याच्या हातून कायमचं सुटलं.

कमिटीत कुणी म्हणालं, या लोकांच्या हाती असली कामं देऊच नयेत. 'या लोकांच्या' म्हणजे काय, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. मी मान डोलावली.

मग त्याच्या घरी गेलो. हाताला प्लास्टर. तोच माझी समजूत घालू लागला. "तुमी काहून वाईट वाटून घेता, सर? माह्यीच चूक असन. हार्डनर मोजताना हुकलो असन." त्याच्या बायकोनं चहा दिला — त्यांच्या रोजच्या कपात. मी तो प्यालो आणि म्हणालो, "असेल."

काही वर्षांनी मी विभागप्रमुख झालो. व्यायामशाळेनं सत्कार केला, तिथं सुखदेव आला. कुणी न सांगता उठून बोलला. "फळी माह्याच्यानं बिघडली होती. पण सरनं मले कधी एका शब्दानं बोललं नाही."

टाळ्या झाल्या. मी उठलो, गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला. पुन्हा टाळ्या झाल्या.