मोठ्याने केलेली प्रार्थना

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. आईला नाही, आमच्या चर्चच्या पाळकांना नाही, वसतिगृहात तीन वर्षे एका खोलीत राहिलेल्या मैत्रिणीलाही नाही. देवाला सांगितले — पण क्रम बदलून. फसलेला प्रयोग प्रबंधाच्या मधल्या पानांत दडवतात, तसा वाईट भाग मध्ये दडवून. तुम्हांला सांगताना तसे करायचे नाही, असे ठरवून बसले आहे.

आधीच सांगते, मी रागावलेली आहे. पश्चात्तापाचा जो मऊ, ओलसर सूर आमच्या सभांमध्ये ऐकू येतो, तो मला जमणार नाही. राग कोणावर, ते पुढे कळेलच.

नव्वदचे दशक संपत आले होते. नागपुरातून सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी आणि प्रयोगशाळेची पदविका घेऊन मी मूल गावाच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये उभ्या असलेल्या एका लहानशा मिशन दवाखान्यात रक्त तपासण्याच्या कामावर लागले होते. मला तिथे राहायचे नव्हते. एम.एस्सी. करायचे होते, पुढे संशोधन करायचे होते. पण त्या दोन वर्षांत आणखी एक गोष्ट मला मनापासून हवी होती — खरी प्रार्थना. हे ढोंग नव्हते. रोज पहाटे साडेपाचला उठून मी बायबलमधले वचन वाचत असे, दहा मिनिटे मनन करीत असे आणि वहीत तीन रकाने भरीत असे: काय वाचले, काय समजले, आज काय करायचे. एकही दिवस चुकवला नाही. माझी समजूत अशी होती की नियमितपणाने श्रद्धाही वाढते — योग्य तापमानाला ठेवलेल्या जिवाणूंसारखी.

ती वाढत नव्हती. वही भरत होती.

दवाखान्यात रोज सकाळी, बाह्यरुग्ण विभाग उघडण्याआधी, व्हरांड्यात पाव तास सामूहिक प्रार्थना होई. एक भजन, एक शास्त्रपाठ, मग प्रार्थनेचे विषय — कोण आजारी, कोणाची शस्त्रक्रिया, कोणाच्या घरी संकट — आणि मग पाळीप्रमाणे एकाने मोठ्याने प्रार्थना करायची. रुग्णांचे नातेवाईकही खांबांना टेकून बसत. बहुतेक आसपासच्या गावांतली हिंदू माणसे. पण प्रार्थनेत त्यांचीही डोकी झुकत. आमच्या स्वयंपाकीण बाई प्रार्थना करीत तेव्हा त्यांचा गळा भरून येई आणि सगळा व्हरांडा ओला होई. माझी पाळी आली की सगळे कोरडे. सुनंदाने एकदा तोंडावर म्हटले होते, "ताई, तुमी देवाशी बोलता का त्याले रिपोर्ट देता?"

सगळे हसले. मीही हसले. पण लागले.

सुनंदा आमच्याकडे आया होती. वय माझ्याएवढेच. ढिवर कुटुंबातली, वडील गावच्या तलावात जाळे टाकीत. ती ख्रिस्ती नव्हती, पण भजनाला हमखास हजर, आणि चाल आमच्यापेक्षा बरी धरी. माझ्या काचनळ्या तीच धुई. तिला काही मागावे लागत नसे. तिचे हात आधीच पुढे आलेले असत.

एके दुपारी तिने दार लोटून घेतले आणि बोट पुढे केले. तिचा धाकटा भाऊ सिकलसेलने गेला होता — सांधे दुखून, रक्त आटून, चौदाव्या वर्षी. आता तिचे लग्न ठरत होते, चामोर्शीजवळच्या एका मुलाशी. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दिवाळीनंतर होते. आपल्यातही ते आहे का, हे तिला त्याआधी जाणून घ्यायचे होते. "कोनाले सांगू नोका, ताई. मायलेही नाई." मी नाही सांगणार म्हटले. सहज म्हटले, प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला ते म्हणायचीही गरज नसते.

तिच्या रक्ताचा थेंब चाचणीच्या द्रावणात टाकला आणि नळीमागे रेघांचा कागद धरला. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, म्हणजे रक्तात सिकलसेलची खूण होती. नमुना नागपूरला पाठवला; उत्तर आले — वाहक. मी तिला समजावून सांगितले आणि नीट सांगितले, त्या दिवसापुरती मी माझ्या विद्येला जागले: वाहक म्हणजे रोगी नव्हे. तू धडधाकट आहेस. मुलगाही वाहक निघाला तरच पुढच्या लेकरांना धोका. त्याच्या बोटातला एक थेंब तपासला की प्रश्न मिटला. तिने शांतपणे ऐकले. म्हणाली, "साक्षगंधाच्या आधी मी त्याले घेऊन येतो इथी. मीच सांगीन त्याले. दुसऱ्याच्या तोंडून कायले ऐकन तो?"

किती शहाणी योजना होती ती. एवढी सरळ योजना माझ्या तीन रकान्यांत एकदाही उतरली नव्हती.

आता माझे. उच्च शिक्षणासाठी मिशनची एक शिष्यवृत्ती होती. अर्जासोबत पाळकांचे पत्र लागे — उमेदवाराच्या प्रार्थनाजीवनाविषयी. पाळकसाहेब सज्जन होते, खोटे लिहिणारे नव्हते. मला म्हणाले, "मुली, तुझी प्रार्थना नीटनेटकी असते. पण तिच्यात माणूस दिसत नाही." मी वहीत टिपून घेतले: माणूस हवा. मला खरोखर नम्र व्हायचे होते, की पत्र हवे होते? दोन्ही. नम्रतेचा तो रकाना मी पत्र मिळेपर्यंत भरत राहिले असते आणि मला स्वतःलाच फरक कळला नसता. राग येतो तो इथे.

त्याच आठवड्यात माझी पाळी आली. व्हरांडा भरलेला होता. पाळकसाहेब पुढे बसलेले. सुनंदा नव्हती, बाळंतिणींच्या खोलीत गरम पाणी नेत होती. मी प्रार्थना सुरू केली. आजारी, प्रवासी, राज्यकर्ते — नेहमीचे सारे. नेहमीचा कोरडेपणा. आणि मग मी म्हटले — बापा, आमची बहीण सुनंदा हिला आठव. ज्या रोगाने तिच्या भावाला नेले तो तिच्या रक्तात आहे, तो तू दूर कर.

रोग. हा शब्द मी वापरला. तो खोटा आहे, हे त्या व्हरांड्यात मला एकटीला ठाऊक होते. "वाहक" म्हटले असते तर कोण रडले असते?

इथवर मी देवालाही सांगत आले आहे. म्हणत आले की भावनेच्या भरात तोंडून गेले, एका दुर्बळ क्षणी वचन मोडले. उरलेले मी गाळत आले, ते असे.

प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात असे धरून चालतात. माझे उघडे होते. मी बघत होते — परिणाम होतो आहे का, ते. तिसऱ्या खांबाजवळ एक बाई बसल्या होत्या. मुलीच्या बाळंतपणासाठी चार दिवस आमच्याकडे होत्या. सुनंदाचे ज्याच्याशी ठरत होते, त्या मुलाच्या त्या मावशी. सुनंदानेच लाजत मला दाखवल्या होत्या: "थे पाहा ताई, माही अर्धी सासूच हाय म्हना." मी सुनंदाचे नाव घेतले तेव्हा त्या मावशींचे डोके वर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले. मी थांबले.

ते थांबणे लोकांना कंठ दाटल्यासारखे वाटले. कोणीतरी हुंदका दिला. पाळकसाहेबांची मान हलली. माझ्याजवळ वेळ होता — पुरेसा, मोजता येईल असा. अजूनही म्हणता आले असते: तिला रोग नाही. एक वाक्य. पण व्हरांडा पहिल्यांदाच ओला होत होता, आणि तो माझ्यामुळे होत होता. मी पुढे गेले. तिच्या होणाऱ्या संसारासाठी मागितले, तिच्या न जन्मलेल्या लेकरांसाठी मागितले. सुंदर मागितले. आमेन म्हणताना माझ्या डोळ्यांत खरे पाणी होते.

लग्न मोडले. मावशींनी गावी जाऊन सांगितले ते फिरत फिरत आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आले: "दवाखान्याच्या बाईनंच देवाले सांगतलं, पोरीच्या रक्तात खोट हाये. मंग आमी काऊन करू?" त्यांना मी दोष देऊ शकत नाही. तपासणाऱ्या माणसाने देवासमोर सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, तर कशावर?

सुनंदा दारात येऊन उभी राहिली. हातात धुतलेल्या नळ्यांचा ट्रे. रडली नव्हती. "ताई, कोनी सांगतलं?" माझ्याकडे उत्तर तयार होते, आणि तेच मला सर्वांत जास्त छळते — ते तयार होते. मी म्हटले, "मी फक्त देवाला सांगितलं, सुनंदा."

तिने ट्रे टेबलावर ठेवला. एकही नळी वाजली नाही. मग म्हणाली, "देवाले त मालूमच राह्यते न, ताई. मंग मोठ्यानं काऊन?"

मी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. खाली काचपट्टी नव्हती.

एस.टी.ने चामोर्शी तासाभराच्या अंतरावर. त्या मुलाच्या घरी जाऊन मी सांगू शकले असते की ही मुलगी निरोगी आहे, तुमच्या मुलाचे एक थेंब रक्त द्या, मी खोटे बोलले. पहिली दोन वाक्ये तिसऱ्याशिवाय बोलता येत नव्हती. गेले नाही. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सुनंदा कामावर येत राहिली, नळ्या धूत राहिली. भजनाला बसणे तिने सोडले. त्या पाव तासात ती वॉर्ड झाडू लागली. आम्ही डोळे मिटले की केरसुणीचा आवाज यायचा. स्वयंपाकीण बाई म्हणाल्या, दुःखाने माणूस देवापासून दूर जातो. मी मान हलवली. मान हलवली मी.

पाळकसाहेबांचे पत्र मिळाले. त्यात लिहिले होते: इतरांचा भार प्रार्थनेत वाहणारी तरुणी. त्या ओळीवर मी नागपूरला आले, एम.एस्सी. झाले, आज प्रबंध लिहिते आहे. सुनंदाचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. माहीत करून घेता आले असते.

आणि प्रार्थना? रोज करते. पहाटे साडेपाच, अजूनही. आधी काही वर्षे ती छान वाहत असे. जगभरच्या लोकांसाठी मी मागत असे, फक्त एका नावाला वळसा घालून. मग ती तिथेच अडू लागली. वचन कोणतेही उघडा, मनन कुठूनही सुरू करा, दहा मिनिटांच्या शेवटी मी त्या व्हरांड्यात, तिसऱ्या खांबासमोर. लोक म्हणतात, रोजच्या प्रार्थनेने श्रद्धा खोल जाते. जाते. विहीर खोल जाते तशी — पाण्याआधी खडक लागतो, आणि तो रोज लागतो. प्रभूने क्षमा केली असेल, असे कोणी सांगू लागले की मला त्या माणसाचा संताप येतो. भजन सुनंदाने सोडले होते. क्षमा परस्पर मला कशी मिळेल?

मी आता मोठ्याने प्रार्थना करीत नाही. सभेत पाळी आली तर नाही म्हणते. त्याचेही कौतुक होते. माझे मौन खोल आहे म्हणतात. मी ते कौतुक दुरुस्त केलेले नाही. हेही कबुलीतच धरा.

वही बंद केली आहे. रकाने नाहीत. सकाळी गुडघे टेकते आणि एवढेच म्हणते: मावशी बसल्या होत्या, आणि माझे डोळे उघडे होते. पुढे काही मागत नाही. उठते, आणि कामाला लागते.