ढोल झाकून ठेवले ती दुपार

मला पहिल्यापासून दुसऱ्याच्या घरात व्यवस्था लावायची भारी हौस. नवरा म्हणायचा, "तुला कुणी विचारलंय का?" नसेल विचारलं, पण काम तर होतं ना! या हौसेनं मी एकदा जे करून ठेवलं, ते अजून विसरले नाही.

नव्वदच्या दशकात नवरा बोटीवर इंजिनिअर होता. सहा-सहा महिने समुद्रावर. मी आणि लेक परदेशातल्या एका बंदराच्या शहरात, क्लेमेंटी भागातल्या फ्लॅटमध्ये. समोरच्या ब्लॉकखाली दुकानं होती, आणि त्यांच्यावरच्या दोन खोल्यांत घानाची एक बाई कलाकेंद्र चालवायची. तिचाही नवरा बोटीवरच. आफ्रिकेतून आलेली खलाशांची कुटुंबं, युनिव्हर्सिटीतले विद्यार्थी असे सगळे शनिवारी तिथं जमायचे. कापडावर ठसे उठवायचे, गोष्टी सांगायचे, नाचायचे. आणि ढोल तर काय विचारूच नका, पार आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचे.

आमच्या मराठी बायका नाक मुरडायच्या. "त्या काळ्या लोकांत पोरीला कशाला पाठवतेस गं?" खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मीही कचरलेच होते. पण लेक हट्टाला पेटली. तिच्यामागून मी गेले आणि तिथलीच झाले. खोल्या झाडून घे, मुलांची हजेरी घे, ठसे धुऊन ठेव. ती घानाची बाई मला सिस्टर म्हणायची. परदेशात इतक्या मायेनं मला कुणी हाक मारली नव्हती.

मग तिचा नवरा बोटीवरच गेला. झोपेतच. कंपनीनं त्याला परस्पर घानाला, त्याच्या गावी पोचवलं. हिला आठवा महिना, डॉक्टरांनी विमानात बसायला साफ मनाई केली. शनिवारी तिकडे त्याला मातीत ठेवणार होते आणि ही इथं अडकलेली. त्याच दिवशी दुपारी तिला तपासायला बोलावलं होतं. जाताना मला म्हणाली, "सिस्टर, चार वाजता लोक येतील. मी पाचपर्यंत येते. सगळं नीट लावून ठेव."

आता आपल्याकडे घरात माणूस गेलं की काय करतात? टीव्ही बंद, रेडिओ बंद. शेजारीसुद्धा आवाज खाली करतात. चूल पेटत नाही म्हणून कुणीतरी पिठलं-भात आणून देतं. मी तेच केलं. भिंतीवरची भडक कापडं उतरवून घडी केली. ढोल कोपऱ्यात सरकवले, त्यांच्यावर पांढऱ्या चादरी टाकल्या. पिठलं-भाताचा डबा आणून ठेवला आणि दाराशी खुर्ची टाकून बसले.

बरोबर चारला चार माणसं आली. काळे कपडे, घामाघूम. त्यातला वयस्कर म्हणाला, "मॅडम, आम्ही त्याच्याच गावचे. ढोल वाजवायला आलोय."

माझं डोकंच फिरलं. "आज? अहो, माणूस गेलंय! काही लाज?"

"त्याच्यासाठीच तर," तो शांतपणे म्हणाला. मी ऐकलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

"आज इथं टाचणी पडल्याचाही आवाज नको," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात या."

त्यानं विचारलं, "घरच्यांनी सांगितलंय असं?"

"मीच घरची," मी म्हटलं.

मग त्यानं टोपी काढली, चादरींकडे बघून मान झुकवली आणि चौघं जिना उतरून गेले. मला वाटलं, बरं झालं, तिची अब्रू राखली.

ती पाचला आली. दमलेली, पोटावर हात. तिनं चादरी पाहिल्या. "ते आले नाहीत?"

"आले होते. मी घालवून दिलं," मी अगदी फुशारकीनं सांगितलं.

ती दाराशी टाकलेल्या खुर्चीवर बसली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. हळूहळू सांगत गेली. तिकडे सकाळी नऊला, म्हणजे इथल्या संध्याकाळी पाचला, त्याला नेणार. त्याच वेळी इथं त्याच्या गावचा निरोपाचा ताल वाजणार, म्हणजे तिच्या हातूनही त्याला निरोप मिळणार. तो ताल येणारे हे चौघंच. बोट आज बंदरात लागली म्हणून आलेले. सहाला बोट सुटणार. मी टॅक्सी करून बंदराकडे धावले. गेटवर पास मागितला, पास कुठला असणार? रडले, हात जोडले. बोट गेली होती.

परत आले तेव्हा क्लासची मुलं जमली होती. चादरी काढलेल्या. ती मुलांना म्हणाली, "तुम्हाला येतं ते वाजवा."

त्यांना एकच ताल येत होता. माझी लेकही त्यांच्यात होती. पाहुणा घरी येतो तेव्हा स्वागताला वाजवतात तो ताल; ढोल टिपेला पोचले की पाहुणा दारातून आत येतो. मुलांनी तोच जीव तोडून वाजवला. ती ताठ बसून ऐकत होती, आणि ढोल टिपेला पोचले तशी सवयीनं तिची मान दाराकडे वळली. तिथं मी उभी होते.