इंग्रिडच्या वहीतली मराठी वाक्यं

या धाग्यावरचे अनुभव मी वर्षभर नुसते वाचतेय. खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसलेय. भूत, बाधा, करणी यातलं मी कधीच काही मानलं नाही, आणि आता अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी नव्याने मानायला लागेन असंही नाही. आमचे अण्णा सचिवालयात कारकून. ग्वाल्हेरला माधवगंजातल्या आमच्या घरात संकष्टीसुद्धा फक्त आईच्या हट्टापायी व्हायची. अशा घरात वाढलेली मी.

तरी एक गोष्ट आहे जी मला आजवर उलगडली नाही... आणि त्यातला माझा भाग मी कोणालाच पूर्ण सांगितलेला नाही. नातीनं फोनवर मराठी कीबोर्ड लावून दिलाय, तर आता लिहूनच टाकते.

सन ५६. दसरा होऊन गेला होता. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. लष्करात, म्हणजे ग्वाल्हेर शहराच्या आमच्या भागात, तेव्हा सगळीकडे एकच बोलणं — आमचं मध्यभारत राज्य जाणार, नवं राज्य होणार, राजधानी भोपाळ. आधी ग्वाल्हेर संस्थान गेलं, आठ वर्षांत आता हेही चाललं. अण्णांच्या ऑफिसात फायलींचे गठ्ठे बांधून बारदानात शिवत होते. अण्णांना भोपाळला जावं लागणार हे जवळपास ठरलेलं.

अशात कॉलेजच्या प्रोफेसरांनी मला विचारलं, "एका परदेशी संस्थेचा युवक कॅम्प होतोय, इंटरप्रीटर म्हणून जाशील?" लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, जे देश एकमेकांचे शत्रू होते त्यांची तरुण मुलं एकत्र आणायची, एखाद्या गावात अंगमेहनतीचं काम करायचं, एका ताटात जेवायचं... त्यातून मैत्री व्हावी, पुन्हा लढाया होऊ नयेत, ही कल्पना. मला ती फार आवडली. आई नको म्हणाली. अण्णा म्हणाले, "जाऊ दे तिला. मुलगी जरा दुनिया बघेल."

गाव ग्वाल्हेरहून शिवपुरीच्या रस्त्यावर, पंधराएक मैलांवर. नाव मुद्दाम देत नाही. गावाबाहेर एक जुनी बावडी होती — म्हणजे पायऱ्यांची विहीर. तीन बाजूंनी पायऱ्या आणि पूर्वेला सरळ उभी दगडी भिंत, तीनेक पुरुष उंच. कित्येक वर्षांचा गाळ साचलेला. तो उपसायचा आणि पायऱ्या दुरुस्त करायच्या, हे आमचं काम. आम्ही एकूण अठरा जण. मुली शाळेच्या खोलीत, मुलं तंबूत. कॅम्पचे प्रमुख अलाहाबादचे वर्माजी, खादीतले, शिस्तीचे, पण मनाने चांगले.

गावातली माणसं खाली उतरायला तयार नव्हती. गावचे प्रमुख, मुखियाजी, म्हणाले, "बिटिया, वह बावड़ी अच्छी नहीं है।" का, ते सांगेनात. मी त्यांना चांगला अर्धा तास समजावलं... विज्ञान, नवा देश, नवी पिढी. शेवटी ते म्हणाले, "आप पढ़ी-लिखी हैं।" आणि उठून गेले. मला वाटलं, मी जिंकले.

परदेशी मुलांत दोघांबद्दल सांगायला हवं. इंग्रिड जर्मन, वीस-एकवीस वर्षांची, उंच, अबोल. आणि पीटर, हॉलंडचा. त्याच्या वडिलांना लढाईत जर्मन शिपाई घरातून घेऊन गेले ते परत आले नाहीत. पहिल्या दिवशी गाळाच्या तगाऱ्या, म्हणजे घमेली, हातोहात वर द्यायला आम्ही रांग केली, तर पीटर इंग्रिडच्या हातून तगारी घेईना. जागा बदलून दुसरीकडे जाऊन उभा राहिला. इंग्रिड मान खाली घालून काम करत राहिली. वर्माजी मला हळूच म्हणाले, "इसी के लिए तो कैंप है।"

आठवडा असाच गेला. पाणी उपसायला डिझेलचा पंप आणला होता, त्याची धडधड दिवसभर चालू. मग एका मंगळवारी दुपारच्या सुट्टीत इंग्रिड माझ्याजवळ येऊन बसली. आम्ही इंग्रजीत बोलायचो.

"तू मला मघाशी का हाक मारलीस?"

"मी? मी तर इथं कडुलिंबाखाली पोळ्या मोजत होते."

"तूच होतीस. वरच्या पायरीवरून. तीनदा." मग तिने आपली वही काढली. ती कानावर पडलेले शब्द रोमन अक्षरांत लिहून ठेवायची, तारीख-वेळ घालून. हिंदी शिकायची हौस होती तिला. त्यात लिहिलं होतं — वर ये गं.

मी म्हटलं, "म्हणजे 'कम अप'. गावातल्या कोणी बाईने बोलावलं असेल." बोलून गेले आणि मग लक्षात आलं. हे हिंदी नव्हतं. त्या गावात एकही मराठी घर नव्हतं. कॅम्पमध्ये मराठी बोलणारी मी एकटी, आणि घर सोडल्यापासून माझ्या तोंडून मराठीचा एक शब्द निघालेला नव्हता. बोलणार कोणाशी?

बुधवारी ती पुन्हा वही घेऊन आली. "आज पंपाशेजारी उभी होते. एवढ्या आवाजात तुमचा कोणाचा शब्द ऐकू येत नाही. पण तिचा येतो. इतका जवळ." तिने कानापाशी हात नेला. मग वाचून दाखवलं, "वर ये. भिंत ओली आहे."

मराठी तिच्या जिभेला वळायचं कारण नाही, पण उच्चार असा स्वच्छ की आमच्या गल्लीतल्या बाईने बोलावं. ती विचारत होती, "काय अर्थ?"

मी सांगितलं, "वर ये, पाणी पी. असं काहीतरी."

का खोटं बोलले? याचा मी खूप विचार केलाय. परदेशी मुलांसमोर भुताच्या गोष्टी सांगणारी हिंदुस्थानी मुलगी मला व्हायचं नव्हतं. शिवाय मुखियाजींना मीच तर गप्प केलं होतं.

पण मी अगदीच हातावर हात ठेवून बसले नाही, एवढं म्हणू द्या. त्याच दिवशी काम थांबल्यावर मी खाली उतरले आणि पूर्वेच्या भिंतीला तळवा लावून पाहिला. तीन-चार ठिकाणी. कोरडी ठक्क. उन्हाने तापलेली. संध्याकाळी वर्माजींना सहज विचारल्यासारखं विचारलं, की ती भिंत ठीक आहे ना.

ते हसले. "ओवरसियर साहब देख गए हैं। कुसुमजी, आप अनुवाद कीजिए, इंजीनियरिंग नहीं।"

गुरुवारी एक चांगली गोष्ट झाली. इंग्रिडचा हात निसटून भरलेली तगारी पडणार होती, ती शेजारून पीटरने धरली. तो तिच्या शेजारी येऊन कधी उभा राहिला होता कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्याने तगारी वर दिली आणि पुढची घ्यायला तिच्याकडे हात केला. दिवसभर ते दोघं तसेच शेजारी शेजारी. वर्माजींच्या डोळ्यांत पाणी आलं. शनिवारी ग्वाल्हेरहून पाहुणे, वर्तमानपत्रवाले येणार होते, त्यांना दाखवायला याहून मोठं काय असणार?

आणि त्याच दुपारी वहीत नवं वाक्य. "सगळ्यांना वर घे. दबून जाल."

पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगते, तुम्ही 'गाडले जाल' म्हणाल. 'दबून जाल' हे आमचं, ग्वाल्हेरचं. हिंदीत राहून राहून आमची मराठी अशी झालीय. पुण्याच्या आत्याकडे गेलं की मुलं आम्हांला त्यावरून चिडवायची. म्हणजे जी कोणी बोलत होती ती लष्करातली, माधवगंजातली, आमच्यातली होती...

इंग्रिड म्हणाली, "आज ती रागावलेली वाटली. काय म्हणाली?"

मी म्हटलं, "तेच. पाणी प्या."

तिने वही पुन्हा एकदा वाचली, मग मिटली. मला तेव्हा वाटलं की तिचा विश्वास बसला नाही.

शुक्रवार. सकाळचे दहा वाजले असतील, लख्ख ऊन. मी वर कडुलिंबाखाली कामाच्या याद्या लिहीत होते. इंग्रिड पायऱ्या चढून एकटीच आली. बाकीचे खालीच. तोंड पांढरंफटक. या वेळी वही नव्हती. माझ्यासमोर उभं राहून तिने ते तोंडानेच म्हटलं, हळू आवाजात, एकेक शब्द सुटा —

"आता शेवटचं सांगते."

मला वाटतं मी उभी राहिले. इंग्रजी शब्द आठवेनात. मग म्हटलं, "इंग्रिड, भिंत पडणार म्हणतेय ती. सगळ्यांना वर घे म्हणतेय."

ती वळली आणि धावली. मी वर्माजींकडे पळाले. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि कारण न विचारता शिट्टी फुंकली, हे त्यांचे उपकार. रांगेतली मुलं भराभर वर यायला लागली, काही हसत, काही कुरकुरत. पीटर मात्र तळाशी पंपाजवळ, पाठमोरा. त्याला शिट्टी ऐकूच गेली नाही. इंग्रिड निम्म्या पायऱ्या उतरून जर्मनमध्ये ओरडली. एकच शब्द, "राउस!" म्हणजे बाहेर पड.

पीटरने मला नंतर सांगितलं, "मी विचार केलाच नाही. लहानपणी त्या शब्दाने आमचं दार उघडलं होतं. तो ऐकला आणि पाय आपोआप पळाले."

तो तिच्याजवळून पुढे निघून गेला आणि मागे भिंत बसली. पडली असं नाही म्हणणार मी. माणूस थकून बसतं तशी ती खालून बसत गेली. फार मोठा आवाजही झाला नाही. मग धूळ, आणि पंप बंद. त्या शांततेत इंग्रिडचं कण्हणं ऐकू आलं. एका दगडाखाली तिचं पाऊल अडकलं होतं, आणि वरून अजून माती सुटत होती. पीटर उलट्या पावली खाली गेला. आम्ही सगळे काठावर उभे, तो एकटा गेला. दगड त्याने कसा हलवला देव जाणे. तिला खांद्यावर घालून वर आला तेव्हा दोघंही डोक्यापासून पायापर्यंत सारखेच मातीचे झाले होते, कोण कुठलं ओळखू येत नव्हतं.

जीव सगळ्यांचे वाचले. इंग्रिडच्या पावलाची हाडं चुरली, ती पुढे जन्मभर लंगडत चालली. इंजिनियर येऊन बघून गेले. म्हणाले, पाणी उपसल्यामुळे भिंतीच्या पाठीमागची माती सुटली, आत पाणी मुरलं होतं. म्हणजे भिंत ओली होतीच, पाठीमागून. हाताला लागणार नव्हतं. तेव्हा भिंत का पडली याचं स्पष्टीकरण आहे. त्यात काही अमानवीय नाही.

चार दिवसांनी मी ग्वाल्हेरच्या इस्पितळात तिला भेटायला गेले. पीटर तिच्या उशाशी बसून संत्रं सोलत होता. मला बघून ती म्हणाली, "बरं झालं तुला वेळेवर अर्थ लागला." मग तिने वही मागून घेतली. "एक राहिलंच आहे. गुरुवारचं. यात तुझं नाव आलं, मला वाटलं तुमच्या दोघींतलं काही खासगी असेल, म्हणून विचारलं नाही."

गुरुवारचं पान. वर ते 'दबून जाल'. त्याच्याखाली, दहाच मिनिटांनंतरची वेळ घालून, दुसरं वाक्य —

कुसुम, सांगून का नाही देत तू?

मी ते पुन्हा पुन्हा वाचत होते. पीटरने संत्र्याची फोड पुढे केली तेव्हा भानावर आले. इंग्रिडने विचारलं, "काय म्हणतेय?"

मी म्हटलं, "म्हणतेय, कुसुम, तू पण सांभाळून राहा."

"किती चांगली बाई," इंग्रिड म्हणाली.

अण्णांना मी घरी सगळं सांगितलं, फक्त माझं खोटं वगळून. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात त्या बावडीची फाईल शोधली. संस्थानच्या वेळी तिथे काही काम निघालं होतं का, कोणी आपलं माणूस तिथे होतं का, म्हणून. रजिस्टरात बावडीच्या नावाची नोंद सापडली, पण गठ्ठा आदल्याच आठवड्यात बांधून रवाना झाला होता. भोपाळला बदली झाल्यावर तिथेही अण्णांनी शोधला. इंदूरला चौकशी केली. काही बारदानं कित्येक वर्षं तशीच शिवलेली पडून होती म्हणे. आमचा गठ्ठा कोणालाच मिळाला नाही. मुखियाजींना विचारायला अण्णा स्वतः गेले होते, तर ते एवढंच म्हणाले, "बिटिया से तो पहले ही कह दिया था।"

इंग्रिडची पत्रं चाळीस वर्षं येत राहिली. पीटर तिच्या लग्नाला गेला होता, तिच्या मुलाचं नाव तिने त्याच्यावरून ठेवलं. दर पत्रात शेवटी ती त्या बाईची आठवण काढायची, आणि माझे आभार मानायची. मी प्रत्येक पत्राला उत्तर दिलं, पण त्या ओळीला कधीच दिलं नाही. आता ती नाही, पीटरही नाही.

तो आवाज मी स्वतः एकदाही ऐकला नाही. ती कोण होती, मराठी न कळणाऱ्या मुलीशीच का बोलली, माझं नाव तिला कोणी सांगितलं, मला सरळ हाक का मारली नाही... काही माहीत नाही. आणि इस्पितळात, सगळं होऊन गेल्यावर, घाबरायचं काही उरलं नसताना मी पुन्हा खोटं का बोलले, याचंही उत्तर माझ्याकडे नाही.